वळण, वेग व विवेक

कोल्हापुराहून पश्चिमेस निघालेला प्रवासी सुमारे ५५ किलोमीटर चालून गगनबावड्यास पोहोचतो, आणि तेथे देश संपून कोकण सुरू होते. गगनबावड्याहून दोन वाटा खाली उतरतात; एक करूळ घाटाची, वैभववाडीकडे जाणारी, व दुसरी भुईबावडा घाटाची. उत्तरेकडे रत्नागिरीच्या वाटेवर आंबा घाट आहे, दक्षिणेकडे राधानगरी-दाजीपूरच्या पलीकडे फोंडा घाट आहे. अशा रीतीने आमचे हे नगर घाटांच्या उंबरठ्यावर वसलेले आहे, आणि आमच्या वाचकांपैकी असे कुटुंब क्वचितच असेल की ज्याने यांपैकी एकही घाट उतरलेला नाही. या प्रवासात एखादे तीव्र वळण आले की गाडीतील सर्व मंडळी एका बाजूस कलंडतात, आणि कोणीतरी वडीलधारे हमखास उद्गारतात, "धरून बसा रे, गाडी बाहेर फेकते आहे!" हा उद्गार आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहो. त्यातील काळजी खरी आहे. परंतु त्यातील पदार्थविज्ञान खोटे आहे. आणि हे खोटे दिसते तितके निरुपद्रवी नाही, असे आमचे मत झाले आहे. ते मत कसे झाले व त्यापासून कोणता बोध घ्यावा, हे पालकांपुढे व विद्यार्थ्यांपुढे मांडण्यासाठी आम्ही ही लेखणी हाती घेतली आहे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या हाताखालून गेलेला एक हुशार विद्यार्थी पावसाळ्यातील एका रविवारी मित्रांसह घाटातील धबधबे पाहावयास मोटारसायकलीवरून गेला व एका वळणावर घसरून पडला. दैव बलवत्तर म्हणून कठड्याशी अडकला व पायाच्या हाडावर निभावले. आम्ही त्यास भेटावयास गेलो तेव्हा पाय प्लास्टरात घालून तो पडून होता. वय अवघे सतरा. आम्हांस पाहताच तो कसनुसा हसून म्हणाला, "सर, वळणच वाईट होतं. त्यानं फेकून दिलं." आम्ही त्याच्या डोक्यावर हात ठेवला व काहीच बोललो नाही. बोलणार काय? बाहेरची कड उंच केलेल्या वळणाचा प्रश्न त्याने काही महिन्यांपूर्वीच परीक्षेत अचूक सोडविला होता. आकृती स्वच्छ होती, बाणांची टोके जेथल्या तेथे होती, सूत्र बिनचूक होते. आणि आम्हीच लाल शाईने त्यास पैकीच्या पैकी गुण दिले होते. त्या रात्री घरी परतताना आमच्या मनात एकच विचार घोळत राहिला: या परीक्षेत नापास कोण झाले? विद्यार्थी, की त्याचे शिक्षक?

म्हणून प्रथम मूळ गोष्टीकडे वळू. आमच्याकडील शेतकरी जोंधळ्याच्या कणसांवर उतरणाऱ्या पाखरांस हाकण्यासाठी गोफण फिरवितात. गोफणीतला दगड गोल का फिरतो? दोरी त्यास क्षणोक्षणी हाताकडे ओढते म्हणून. दोरीचे एक टोक सोडले की दगड हातापासून थेट बाहेरच्या दिशेस उडत नाही. त्या क्षणी तो ज्या दिशेने चालला होता, त्याच सरळ रेषेत निघून जातो. कोणासही संशय असेल त्याने मोकळ्या रानात गोफण फिरवून पाहावी. गतिमान पदार्थाचा स्वभावच असा आहे की त्याने सरळ जावे. न्यूटनने १६८७ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात हा नियम सर्वांच्या आधी मांडिला आहे. वळणावर गाडी बाहेर फेकली जात नाही. ती सरळ जाऊ पाहते आणि रस्ता वळतो, एवढेच. गाडीस रस्त्याबरोबर वळवावयाचे असेल तर कोणीतरी तिला वळणाच्या मध्याकडे सतत ओढले पाहिजे. या ओढीस पाठ्यपुस्तकात अभिकेंद्री बल म्हणतात. गोफणीत ही ओढ दोरी देते. रस्त्यावर दोरी नाही. मग ती कोण देते? टायर व रस्ता यांमधील घर्षण, आणि बाहेरची कड उंच केलेली असेल तर त्या उताराचा आधार. तिसरा देणारा कोणी नाही. पाठीशी बसलेल्या मित्राचे धैर्य तेथे कामास येत नाही, आणि गाडीची किंमतही नाही.

आता हा व्यवहार जमाखर्चाच्या वहीप्रमाणे मांडू, म्हणजे ज्यांस सूत्रांचा कंटाळा आहे अशा पालकांसही तो समजेल. गाडीचे वजन एक रुपया आहे असे माना. वळणावर तिला मध्याकडे ओढण्यासाठी त्या रुपयातील किती पैशांएवढे बल लागेल, हा खर्च. उतार व घर्षण मिळून किती पैसे देऊ शकतात, ही जमा. जमा खर्चाहून कमी पडली की गाडी रस्ता सोडते. खर्च काढण्याची रीत सोपी आहे: ताशी किलोमीटरमधील वेगाचा वर्ग करावा व त्यास मीटरमधील त्रिज्येच्या १२७ पटीने भागावे. डोंगरी रस्त्यांवर जेथे वाट जवळजवळ उलटी फिरते, अशा वळणांसाठी इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेने आतल्या कडेची किमान त्रिज्या १४ मीटर व किमान वेग ताशी २० किलोमीटर धरिला आहे. गणित करून पाहा: वीसचा वर्ग ४००, आणि १२७ गुणिले १४ म्हणजे १७७८. भागाकार सुमारे साडेबावीस पैसे. हा झाला खर्च. जमेकडे पाहता, बाहेरची कड दर दहा फुटांस एक फूट या प्रमाणाने उंच केलेली असेल तर ती १० पैसे देते. उरलेले साडेबारा पैसे घर्षणाने द्यावयाचे. अभियंते घर्षणाकडून १५ पैशांहून अधिक मागू नये असे धरून रस्ता आखतात. म्हणजे वही जुळली, आणि वर थोडी शिल्लकही राहिली.

परंतु आमचा तरुण ताशी २० किलोमीटरने कशास जाईल? तो ३० ने गेला असे धरू. वेग दीडपट झाला, तर खर्च दीडपट होत नाही. तो सव्वादोनपट होतो, म्हणजे सुमारे ५१ पैसे. उताराचे १० वजा केले तरी घर्षणाने ४१ पैसे दिले पाहिजेत. तो ४० ने गेला, तर खर्च चौपट होऊन ९० पैशांवर जातो व घर्षणावर ८० पैशांचा बोजा पडतो. चांगला कोरडा रस्ता व चांगले टायर असता घर्षण ढोबळमानाने ७० पैशांपर्यंत देऊ शकते. रस्ता ओला झाला की ही रक्कम निम्म्यापर्यंत उतरते, आणि शेवाळ, चिखल, बारीक खडी किंवा गुळगुळीत झालेले टायर असतील तर त्याहूनही खाली जाते. गगनबावड्याचा पाऊस ज्यांनी पाहिला आहे त्यांस अधिक सांगणे नको. आमच्या त्या विद्यार्थ्याने कोणतेही अचाट साहस केले नव्हते. सपाटीवर ज्यास आपण बेताचा वेग म्हणतो, त्याच वेगाने तो पावसात वळणावर गेला होता. त्याच्या वहीत जमा ३५ ची होती व त्याने ४१ चा खर्च लिहिला. वळणाने त्यास फेकले नाही. घर्षणाने त्याचा हात सोडला.

येथे एका गैरसमजाचे निरसन केले पाहिजे. बाहेरची कड उंच केली आहे, तेव्हा आता भय नाही, कितीही वेगाने जावे, असे पुष्कळांस वाटते. वस्तुस्थिती निराळी आहे. उतार हा वेगाचा परवाना नव्हे. तो एका ठराविक वेगाशी केलेला करार आहे. वर सांगितलेल्या वळणावर केवळ उताराच्या आधारे, घर्षणाची मदत न घेता, जो वेग सांभाळला जातो तो ताशी सुमारे १३ किलोमीटर इतकाच आहे. रंकाळ्याच्या काठाने सायकलीवरून रमतगमत जाणाराही त्या वेगाने जातो. मग कोणी विचारील, उतार अधिक का देत नाहीत? दहाऐवजी चाळीस पैशांचा दिला असता तर सर्वच सुखाने गेले असते. याचे उत्तर आमच्या जिल्ह्यातील उसाच्या गाडीस विचारावे. गळिताच्या हंगामात उसाने शिगोशीग भरलेली बैलगाडी अथवा ट्रॅक्टरची ट्रॉली बैलाच्या पावलाने वळणावरून जाते. तिचा वेग जवळजवळ शून्य, म्हणून खर्चही शून्य. परंतु उतार आपली रक्कम द्यावयाचे थांबवीत नाही. तो तिला आतल्या बाजूस ओढीतच राहतो. ओझे उंच, चाके जवळ. उतार फार असेल तर ती आतल्या बाजूस कलंडेल, किंवा चिखलात तशीच घसरत जाईल. रस्ता एकट्या वेगवानाचा नाही. तो धिम्याचाही आहे, आणि थांबलेल्याचाही आहे. म्हणूनच सपाट प्रदेशात सुमारे ७ पैसे व डोंगरात १० पैसे अशी उताराची मर्यादा घातलेली आहे. दोघांचा विचार करून घातलेला हा मध्यममार्ग होय.

आगगाडीची गोष्ट याहून निराळी नाही. छत्रपती शाहू महाराजांच्या कारकीर्दीच्या आरंभी कोल्हापूर संस्थानाने बांधिलेली मिरजेची रेल्वे १८९१ साली सुरू झाली. त्या वेळी ती मीटरगेज होती. पुढे तिचे रूळ रुंद झाले. रुंद रुळांतील अंतर १६७६ मिलिमीटर असते, आणि वळणावर बाहेरचा रूळ आतल्या रुळाहून फार तर १६५ मिलिमीटर उंच ठेवितात. भागाकार केला तर पुन्हा सुमारे १० पैसेच येतात. त्याच रुळांवरून जलद गाडीही धावते आणि सिग्नलसाठी खोळंबलेली मालगाडीही उभी राहते. तेव्हा रेल्वेच्या अभियंत्यासही तोच मध्यममार्ग स्वीकारावा लागला. आणि म्हणूनच प्रत्येक वळणास वेगाची एक सीमा लिहून दिलेली असते.

ही सीमा मोडल्यास काय होते, याचे एक दुःखद उदाहरण जपानात घडले. २५ एप्रिल २००५ रोजी सकाळी आमागासाकी या शहरात ३०४ मीटर त्रिज्येच्या वळणावर एक प्रवासी आगगाडी रुळांवरून उलथून शेजारच्या इमारतीवर आदळली व १०७ माणसे प्राणास मुकली. वळणाची सीमा ताशी ७० किलोमीटर होती. गाडी सुमारे ११६ ने त्यात शिरली. वेग दोन तृतीयांशांनी वाढला, खर्च मात्र पावणेतीनपट झाला. आणि हे कशासाठी? त्याआधीच्या स्थानकावर गाडी ठरल्या जागेच्या पुढे जाऊन थांबली, ती मागे घेण्यात वेळ गेला, आणि दीड मिनिटाचा उशीर झाला होता. तो उशीर भरून काढण्याच्या धडपडीत तरुण चालक वळणाकडे धावला, असे मानितात. दीड मिनिट! वाचकहो, सकाळी शिकवणीस उशीर झाला म्हणून गाडीस टाच मारणाऱ्या आपल्या मुलास या दीड मिनिटाची गोष्ट अवश्य सांगा.

आता दुसऱ्या बाजूचे एक उदाहरण. जत्रेत 'मौत का कुआँ' नावाचा खेळ येतो. लाकडी फळ्यांच्या उभ्या विहिरीत मोटारसायकलस्वार भिंतीवरून गरगर फिरतो, आणि वर उभी असलेली मुले तोंडात बोटे घालतात. तेथे स्वार वेगामुळे पडत नाही, हे खरे. भिंत त्यास मध्याकडे रेटते, आणि त्या रेट्याच्या जोरावर घर्षण त्याचे वजन तोलून धरते. विहिरीची त्रिज्या ५ मीटर व घर्षण ७० पैशांचे धरिले, तर सुमारे ३० किलोमीटरच्या खाली येताच तो घसरू लागेल. म्हणजे जो ३० चा वेग त्या विहिरीत प्राण राखतो, तोच वेग पावसातल्या घाटवळणावर प्राणावर बेततो. दोन्हीकडे नियम एकच आहे. भेद आहे तो एवढाच की, विहिरीत भिंत उभी आहे व घाटात रस्ता जवळजवळ आडवा आहे. जत्रेतून परतलेला मुलगा 'वेगाने गेले म्हणजे गाडी चिकटते' एवढेच अर्धे सत्य मनात घेऊन येतो. अर्धे सत्य हे अज्ञानाहून अधिक घातक असते, कारण अज्ञानी मनुष्य निदान भितो तरी.

अशीच आणखी दोन अर्धसत्ये आहेत. गाडी जड असली म्हणजे ती रस्त्यास घट्ट धरून राहते, अशी समजूत आहे. परंतु आमच्या वहीत सर्व हिशेब दर रुपयामागे मांडिला आहे. वजन वाढले तर घर्षण वाढते, हे खरे. पण लागणारी ओढही त्याच प्रमाणात वाढते. जड ट्रकास व हलक्या स्कूटरीस वळणाने निरनिराळे भाव लावलेले नाहीत. उलट ओझे उंच रचिलेले असेल, तर गाडी घसरण्यापूर्वीच उलथते. दुसरी समजूत अशी की, वेग अधिक झाला तर वळणातच ब्रेक दाबावा. घर्षणाची पुंजी एकच आहे. ती वळण्यासाठीही खर्च होते व थांबण्यासाठीही. वळणाच्या ऐन मध्यावर ब्रेकासाठी पुंजी उधळली तर वळण्यासाठी काय उरणार? म्हणून वेग कमी करावयाचा तो वळण येण्यापूर्वी, सरळ रस्त्यावर. आमच्या एस. टी.चे जुने चालक हेच करितात. त्यांपैकी कित्येकांनी सूत्र पाहिलेही नसेल. पण त्यांच्या हातात ते उतरलेले आहे.

यावर कोणी म्हणेल, "गुरुजी, सर्व दोष मुलांच्याच माथी का मारिता? रस्ते तरी कोठे नीट असतात?" ही तक्रार खोटी नाही. सरळ रस्ता पाणी निघून जावे म्हणून मध्ये उंच व दोन्ही कडांस उतरता केलेला असतो. वळणावर तो तसाच ठेविला, तर बाहेरच्या बाजूने जाणाऱ्या गाडीस उतार मदत करण्याऐवजी बाहेरच ढकलतो. जमेच्या बाजूस शून्यही नसून उलट देणे उभे राहते. त्यात खड्डे, सांडलेली खडी, पुसट झालेले फलक यांची भर पडते. ज्यांच्याकडे रस्त्यांचे काम आहे त्यांनी वळणाची कड नियमाप्रमाणे बांधावी, वेगाचा आकडा ठळक लिहावा, व आपण नागरिकांनीही त्यासाठी लेखी मागणी करण्यास संकोचू नये. ही आपली सार्वजनिक जबाबदारी आहे. परंतु रस्ता वाईट आहे हे ज्यास ठाऊक आहे, त्याने त्यावरून अधिक सावकाश जावयास नको काय? जमा कमी आहे हे दिसत असता खर्च वाढविणाऱ्यास आपण संसारात शहाणा म्हणत नाही. रस्ता दुरुस्त होण्यास वर्षे लागतील. वेग कमी करण्यास एक क्षण पुरतो, आणि तो आपल्या मुठीत असतो.

कोठे कोठे एखादे वळण शापित आहे, ते बळी घेते, असेही बोलले जाते. घाटमाथ्यावर गाडी थांबवून हात जोडणाऱ्यांची आम्ही थट्टा करीत नाही. थांबण्याने मन स्थिर होते व वेगही उतरतो. पण वळणास शाप लावून आपण आपला हिशेब तपासण्याचे टाळतो, हे आमचे म्हणणे आहे. एकाच वळणावर पुन्हा पुन्हा अपघात होत असतील, तर तेथे त्रिज्या मोजावी, कड मोजावी, वेग मोजावा. जेथे मोजमाप सुरू होते, तेथे शाप बहुधा संपतो.

आता आम्ही आमच्याकडे वळतो, कारण आरंभी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर देणे बाकी आहे. आम्ही वीसांहून अधिक वर्षे हा पाठ फळ्यावर शिकविला, आणि तो फळ्यावरच राहिला. त्या प्रसंगानंतर आम्ही एक नवी रीत धरिली. सहलीस जाताना मुलांकडून एक लांब दोरा व एक लहान दगड बरोबर घ्यावयास सांगतो. गवंड्याचा ओळंबाच तो. बसच्या छतास तो टांगला की सरळ रस्त्यावर लोंबत राहतो. वळणावर एका बाजूस झुकतो. वेग अधिक तर झोक अधिक. कड नीट उंच केलेल्या वळणावर चालकाने बेताचा वेग ठेविला, तर ओळंबा बसच्या तळाशी जवळजवळ काटकोन करून राहतो, आणि उभा असलेला मुलगाही कलंडत नाही. तो क्षण पाहून मुले आपोआप म्हणतात, "सर, आता हिशेब जुळला!" पुढच्या वळणावर वेग जरा वाढतो, दोरा कलतो, आणि चालकास न विचारताच मुलांस कळते की आता घर्षण काम करू लागले. एका दोऱ्याने व एका दगडाने जे शिकविले, ते आमच्या लाल शाईने इतक्या वर्षांत शिकविले नव्हते. आमच्या शिक्षकबंधूंनी व भगिनींनी हा प्रयोग अवश्य करून पाहावा. परीक्षेतील गुण हे ज्ञानाची पावती असतात, ज्ञान नव्हेत.

पालकमंडळींसही एक स्पष्ट गोष्ट सांगावयाची आहे. त्या दिवशी खाटेशी उभे असलेले वडील खालच्या आवाजात म्हणाले, "शिकवणीला सोयीची म्हणून गाडी दिली होती, गुरुजी. सगळ्यांचीच मुलं नेतात." या 'सगळ्यांची' शब्दानेच घात केला. मोटार वाहन अधिनियम, १९८८ अन्वये गिअरची मोटारसायकल चालविण्यास वयाची १८ वर्षे पुरी व्हावी लागतात. १६ व्या वर्षी परवानगी आहे ती फक्त ५० घनसेंटीमीटरपर्यंतच्या लहान दुचाकीची. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीनाने केलेल्या अपराधाबद्दल पालकास अथवा वाहनाच्या मालकास ३ वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द होते, आणि त्या मुलास २५ वर्षांचा होईपर्यंत परवाना मिळत नाही. परंतु आम्ही कायद्याच्या भयाने बोलत नाही. कायदा माफ करील, पंचनामा मिटेल. घर्षणाकडे मात्र वशिला चालत नाही. ते वय पाहत नाही, घराणे पाहत नाही, आईचे डोळेही पाहत नाही. किल्ली मुलाच्या हाती देण्यापूर्वी त्यास एवढेच विचारा: "वेग दुप्पट झाला तर ओढ किती पट लागते?" 'दुप्पट' असे उत्तर आले, तर किल्ली खुंटीवरच राहू द्या. 'चौपट' असे उत्तर आले, तरी वय पुरे होईपर्यंत ती खुंटीवरच राहू द्या. कारण आमच्या विद्यार्थ्यासही ते उत्तर येत होते.

आमच्या भाषेत 'वळण' या शब्दास दोन अर्थ आहेत. एक रस्त्याचे वळण, आणि दुसरे आईबापांनी मुलास लावलेले वळण. या दोहोंत आम्हांस मोठे साम्य दिसते. रस्ता बांधणारा वळणाची कड आधीच उंच करून ठेवितो. गाडी घसरू लागल्यावर फावडे घेऊन धावणारा अभियंता कोणी पाहिला नाही. मुलांस लावावयाचे वळणही वेळेआधीच लावावे लागते. आणि उत्तम कडही सर्व वेगांस पुरी पडत नाही. उरलेला भाग जाणाऱ्याच्या विवेकाने भरून काढावयाचा असतो.

तो आमचा विद्यार्थी आता धडधाकट आहे. थोडे लंगडतो. परवा शाळेत आला होता, तेव्हा आम्ही नव्या वर्गास ओळंब्याचा प्रयोग समजावीत होतो. तो दारातच थांबून ऐकत राहिला. पाठ संपल्यावर आत आला, दगड हातात घेतला व मुलांकडे वळून म्हणाला, "हे नीट बघून ठेवा. मी पेपरात बरोबर लिहिलं होतं." वर्ग क्षणभर शांत झाला. आमच्या दहा व्याख्यानांहून त्याचे ते दोन वाक्यांचे बोलणे मुलांच्या मनात अधिक खोल गेले असेल, याविषयी आम्हांस शंका नाही. तेच वाक्य आम्ही येथे आमच्या सर्व वाचकांच्या स्वाधीन करितो.